खोपीत नसलेली फटफटी

या पानावरचे अनुभव मी गेली दोन वर्षं नुसती वाचते आहे. वाचते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर देते — वायरिंग तपासा, मांजर असेल, बीपीची गोळी बदलली होती का... भास, संकेत, गेलेल्या माणसाची चाहूल यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आम्ही कॅथलिक. घरात मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात, मीही म्हणते. पण म्हणून ते परत येऊन कडी वाजवतात असं मला कधी वाटलं नाही. आणि इथे जे सांगणार आहे त्यात तर सुरुवातीला कोणी मेलेलंही नव्हतं.

मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. वय त्रेपन्न. मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने बाहेर, त्यामुळे मी माहेरीच, वडिलांजवळ राहत होते. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची यादी करायची आणि काम झालं की समोर बरोबरची खूण करायची, ही सवय मला शाळेत असल्यापासून आहे. घरातले हसतात. हसू देत. त्या यादीवरच आमचं घर चालत होतं.

आधी जागा नीट सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमचं घर कट्टा गावात, बाजारापासून दहा मिनिटं आत. जांभ्या दगडाचं, कौलारू. पप्पांची खोली घराच्या एका कडेला. त्या खोलीच्या खिडकीबाहेर बाजूची पडवी, वर छप्पर आणि तीन बाजू उघड्या. तिथे आमची फटफटी उभी असायची. पप्पांच्या कॉटपासून फार तर चार हात. घराच्या अगदी मागे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ओलांडून, विहिरीच्याही पलीकडे, लाकडं आणि नारळाची सोडणं ठेवायची खोपी. कॉटपासून खोपी सत्तावीस मीटर, मध्ये तीन भिंती. हे मी नंतर टेप घेऊन मोजलं. का मोजलं ते पुढे येईल.

फटफटी विलायती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. आजोबा बेळगावात फिटर होते, तिथून एका साहेबाची जुनी म्हणून घेऊन आले. आल्याआल्याच त्यांनी टाकीला घरचा काळा रंग दिला, त्याखाली कंपनीचं नाव कायमचं गेलं. गिअर पायात नाही, टाकीच्या बाजूला, हाताने टाकायचे. मागच्या चाकाला स्प्रिंग नाहीत, फक्त सीटखाली दोन जाडजूड. पप्पा मसुऱ्याच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. पुष्कळ वर्षं ते रोज तिच्यावरूनच गेले आणि आले. मग रस्त्यावर निघणं बंद झालं तेव्हा ती पडवीत उभी राहिली. पण पप्पांनी तिला मरू दिलं नाही. आमच्याकडची हवा ओली. इंजिन चार दिवस हललं नाही की आतलं पिस्टन धरतं, आणि एकदा धरलं की मग लोखंडच उरतं. म्हणून रोज सकाळी साडेसातला, चहाच्या आधी, पेट्रोल बंद ठेवून किक पायाने सावकाश शेवटपर्यंत दाबायची. दोनदा. फुस्स... टक्. फुस्स... टक्. याला आमच्या घरात ‘फिरवणं’ म्हणत.

चार वर्षांपूर्वी पप्पांची डावी बाजू गेली. कॉटवर पडले ते पडलेच. तेव्हापासून फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते यादीत घातलं. सात — गोळी. सव्वासात — अंग पुसणे. साडेसात — फटफटी. चहा घेऊन आत गेले की पप्पा विचारत,

“फिरवलंस?”

“फिरवलंय.”

“आयकलंय,” असं म्हणत आणि मगच कपाला हात लावत. खिडकीतून त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, तरी विचारायचे. मास्तर शेवटी. वहीसुद्धा तपासायचे. “दी बघया तुझी वही. गोळी? झाली. फटफटी? झाली. माका मारुचा खंयच्या पानावर लिवलंस?” आणि तोंडाच्या एका बाजूने हसायचे.

आता माझं काम सांगते. म्हणजे मी केलं ते.

गेल्या वर्षीच्या पावसानंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना आता न्हाणीघरापर्यंत उचलून नेऊ नका, एकदा पडले तर कठीण होईल. खोलीला लागून संडास-बाथरूम करा. जागा एकच होती. बाजूची पडवी. खोपी गळत होती, तिथे फटफटी ठेवणं म्हणजे दोन पावसात गंजवणं. कोल्हापूरचे एक गृहस्थ, त्यांना इथे शिंदे म्हणते, जुन्या गाड्यांचे शौकीन, तीन वर्षं फोन करत होते — “ताई, मनात आलं तर आधी मला सांगा. पोरीसारखी सांभाळतो बघा.” पैशाचा प्रश्न नव्हता, जागेचा होता. आणि जागा पप्पांसाठीच हवी होती. हे सगळं खरं आहे. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता पाठ झालंय.

पण विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मग मला दुसरा मार्ग शोधावा लागला असता.

ऑक्टोबरात पप्पांच्या छातीत कफ भरला, तीन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. माझी त्या दिवसांची यादी अजून आहे. डिस्चार्जचे कागद, गवंड्याला फोन, टाइल्स, आणि त्यांच्याच ओळीत, त्याच अक्षरात — ‘फटफटी’. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळातून दोन तासांसाठी घरी आले. शिंदे पिकअप घेऊन हजर होते. मी सगळं यादीप्रमाणे ताब्यात दिलं: आरसी बुक, पान्यांची पिशवी, जुना दिवा, हवेचा पंप, आणि पप्पांनी लिहून ठेवलेला ऑइलचा कागद. पाच गोष्टी. पाच खुणा. खाली शिंद्यांची सही. मग इस्पितळात परत जाऊन पप्पांना पेज भरवली.

घरी आणलं तेव्हा पडवीत अर्ध्या भिंती उठल्या होत्या. पप्पांनी खुर्चीतूनच बघितलं.

“फटफटी खंय?”

“खोपीत ठेवलंय पप्पा. तुमच्यासाठी बाथरूम बांधूचा आसा मां.”

“खोपी गळता.”

“वर ताडपत्री घातलंय.”

मी खोटंसुद्धा इतकं नीटनेटकं बोलले की त्यात ताडपत्री होती.

“फिरवतलंस मां?”

“रोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी स्वयंपाकघरात उभी राहिले. काही केलं नाही. खोपीत जाऊन आल्यासारखा वेळ घालवला आणि चहा घेऊन आत गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं — हो, फिरवलं, इथपर्यंत आवाज येत नसेल, लांब आहे. मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले,

“आयकलंय.”

आणि कपाला हात लावला.

मला आधी हायसं वाटलं. हे कबूल करते. त्यानंतर जरा वेळाने अंगावर काटा आला... पण आधी हायसं वाटलं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सवयीचा भाग आहे, रोज त्या वेळेला तोच आवाज ऐकलेला मेंदू तो स्वतःच वाजवून घेतो, विशेषतः या आजारात. पटलं. खूण केली. वहीत ‘साडेसात — फटफटी’ लिहिणं मात्र बंद करता येईना, कारण ते वही बघायचे. म्हणून मी रोज लिहायचे आणि रोज खूण करायचे. आयुष्यात कधी न केलेल्या कामावर खूण केली नव्हती. आता रोज एक. त्याच पानावर खाली, त्यांना वाचता येणार नाही असं बारीक, मी आणखी एक काम लिहू लागले — ‘प. ना सांगणे’. ते दिवसभर राहायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पानावर जायचं.

बाथरूम झालं. म्हणजे फटफटी जिथे उभी असायची बरोबर तिथे आता पांढऱ्या टाइल्स आणि कमोड. एके दिवशी मी ठरवून साडेसातला आत जाऊन उभी राहिले, हातात घड्याळ. मधलं दार उघडं, समोर कॉटवर पप्पा. नळ बंद. बाहेर कावळे, शेजारच्या अंगणात झाडू. बाकी काही नाही... अगदी काही नाही. आणि पप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवून उजवा हात वर केला. एक बोट. जरा थांबून दुसरं बोट.

“झाला,” म्हणाले. मग डोळे उघडून मला बाथरूमच्या दारात बघितलं. “तू थंय काय करतंस? इतक्यात परत इलंस?”

“बादली बघूक इललंय,” मी म्हटलं.

हेही मेंदूत बसत होतं. सवय असलेल्या माणसाला दोन बोटंही मोजता येतील. पण नाताळात आंतू आला.

आंतोन, माझा धाकटा भाऊ, मुंबईत असतो. त्यालाही मी काही कळवलं नव्हतं. त्याला काय, पप्पांना सांगितलं तेच फोनवर सांगून टाकलं होतं, फटफटी खोपीत हलवली म्हणून. दोघांना दोन गोष्टी सांगून गोंधळ कशाला. पहिल्या दिवशी तो पप्पांच्या खोलीतच, खाली गादी घालून झोपला. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात आला.

“काय गो तू! नाताळाक तरी त्या म्हातारेक लाथ मारू नको. साडेसातला म्हणजे साडेसातला. झोपमोड केलंस.”

मी चहा गाळत होते. गाळणं बाजूला ठेवलं.

“काय आयकलंस?”

“काय म्हणजे? फुस्स टक्, फुस्स टक्. मगे पप्पा म्हणाले, झाला. आयकान बरां वाटला गो. ल्हानपणी शाळेक उठाचा आवाज तो.” त्याने कप उचलला. “बघून येतंय तिका. टाकीक गंज धरलो की काय.”

मी अडवलं नाही. अडवायला काय सांगणार होते? तो चहा घेऊन मागच्या दाराने गेला. मी गॅस बंद केला आणि उभी राहिले. कप तसाच भरलेला घेऊन तो परत आला.

“फिलू. थंय लाकडां आसत.”

“व्हय.”

“फटफटी खंय?”

मग मी सांगितलं. ऑक्टोबर, इस्पितळ, शिंदे, पिकअप. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आंतू ओरडेल असं वाटलं होतं. तो पाटावर बसला.

“मगे माका काय आयकाक इला?”

“म्हायत नाय.”

“मी झोपेत नव्हतंय गो. पप्पा खोकले, म्हणान मी आदीच जागो झाललंय.” मग म्हणाला, “माका इचारलंस नाय ता जावंदे. मी खंय असतंय हडे. पण तेंका?”

“बाथरूम तेंच्यासाठीच बांधलंय ना!”

“बाथरूम दाखव नको माका. बरां बांधलंस. मी फटफटीचा इचारतंय.”

मी त्याला म्हटलं, तूच सांग त्यांना, तुझ्यावर रागावणार नाहीत. त्यावर तो जे म्हणाला ते बरोबर होतं. “तुया दिलंस, तूच सांगाचा. यादीत लिव.”

यादीत होतं. यादीत रोज होतं.

आंतू आणखी तीन दिवस होता. मी त्याला रोज विचारलं. तिन्ही दिवस त्याला ऐकू आलं, साडेसातला, दोनदा, खिडकीच्याच बाजूने. तिसऱ्या दिवशी मीही त्या खोलीत बसले. ते दोघं एकदम खिडकीकडे बघत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. बाप आणि भाऊ एका बाजूला आणि मी दुसऱ्या, असं वाटलं. नातं नसलेल्या बाईसारखं.

जानेवारीत मी चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे कन्फेशनला, बसले. पाद्रींना बारीकसारीक सगळी पापं सांगितली — शाळेत शिपायावर ओरडले, उपास मोडला... हे सोडून सगळं सांगितलं. उठून बाहेर आले आणि बाजारात जाऊन मासे घेतले.

फेब्रुवारीतली ती सकाळ. नेहमीप्रमाणे चहा घेऊन गेले. पप्पा काही बोलले नाहीत. म्हणून मीच म्हटलं,

“फिरवलंय पप्पा.”

“नाय.”

“फिरवलंय मां.”

“आज नाय गो.” रागाने नाही. मुलाचं गणित चुकलं तर सांगत तसं. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. खिडकीच्या पलीकडे आता बाथरूमची भिंत आहे, बघायला काही नाही. मग म्हणाले,

“जेका दिलंस, तेका खटक्याचा सांगलंस?”

खटक्याचं सांगते. हँडलवर डावीकडे एक छोटा खटका असतो. किक मारल्यावर ठिणगी लवकर पडायची की उशिरा ते त्याने ठरतं. सुरू करताना ठिणगी उशिरा पाडायची. लवकर पडली तर किक उलटी येऊन पाय फोडते. फार पूर्वी मसुऱ्याच्या वाटेवर त्या खटक्याची वायर तुटली, तेव्हा पप्पांनी सायकलची वायर दुसऱ्या अंगाने जोडून काम भागवलं. ते तसंच राहिलं. म्हणजे आमच्या फटफटीचा खटका जगातल्या सगळ्या फटफट्यांपेक्षा उलटा. ज्याला काहीच कळत नाही तो वाचेल, पण ज्याला जुन्या गाड्या चांगल्या कळतात तो नक्की फसेल. मला हे माहीत होतं. सतरा वर्षांची असताना पप्पांनी मला त्यावर बसवून शिकवलं होतं. रोजच्या फिरवण्यात पेट्रोल नसल्याने त्याचा संबंध येत नसे. माझ्या पाच गोष्टींच्या यादीत तो नव्हता.

“सांगलंस गो? उलटो आसा तो.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. ते रागावलेले नव्हते, त्यांनी हिशेब मागितला नव्हता, फक्त कोणा अनोळखी माणसाच्या पायाची काळजी करत होते. आणि मी म्हटलं,

“कोणाक दिलंय पप्पा? खोपीत आसा ती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

“बरां,” म्हणाले.

चहा घेतला नाही.

अकरा वाजता शाळेत शिंद्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांनी चार महिने खपून गाडी तयार केली, आज सकाळी पहिल्यांदा पेट्रोल घालून किक मारली आणि किक उलटी आली. नडगीचं हाड मोडलं. तक्रार म्हणून नव्हे, बाबांनीच विचारायला सांगितलंय — या गाडीच्या खटक्याचं काही वेगळं आहे का? मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, साडेसात असतील, बाबा पूजा आटोपून लगेच अंगणात गेले होते.

मी तिला खटक्याचं सांगितलं. चार महिने उशिरा.

घरी जाऊन पप्पांना सांगायचं असं ठरवून शाळेतून लवकर निघाले. ते झोपले होते. उठल्यावर ताप होता. मग कफ, मग पुन्हा इस्पितळ. नवव्या दिवशी गेले. त्या नऊ दिवसांत ते शुद्धीत होते, बोलत होते, आंतूला ओळखलं, पाद्रींना ओळखलं. मला एकदा म्हणाले, दमलंस, जरा पड. मी सांगू शकले असते. यादीत होतं. प्रत्येक वेळी वाटलं, आता नको, आता त्यांना त्रास होईल. खरं म्हणजे मला झाला असता. फटफटीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

मे महिन्यात शिंद्यांचा फोन आला. पाय बरा झाला होता. गोव्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, पिकअपमध्ये फटफटी घालून ते तिकडे निघाले होते. “वाटेत तुमच्याकडं येऊ का? मास्तरांच्या घरात एकदा तिला टेकवावी म्हणतो.” मी म्हटलं, या, मुक्कामाला या. आणि आंतूला बोलावून घेतलं. तोपर्यंत मी शिंद्यांनाही सगळं सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले, “मास्तरांनी माझ्या पायाची चौकशी केली म्हणा की, पाय मोडायच्या... का मोडल्यावर हो?” वेळ आम्हा दोघांनाही जुळवता आली नाही.

मला एक गोष्ट तपासायची होती. पप्पांना आणि आंतूला मी फटफटी खोपीत आहे असं सांगितलं होतं. तर खोपीतला आवाज पप्पांच्या खोलीत येतो का, हे मी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कशी, फटफटीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंद्यांनी तिला खोपीत, लाकडं बाजूला करून, उभी केली. टाकी तशीच काळी ठेवली होती त्यांनी. आंतू पप्पांच्या खोलीत, कॉटवर, खिडकी उघडी. बरोबर साडेसातला मी चप्पल काढली आणि किकवर पाय ठेवला. सात महिन्यांनी. पायाला सगळं आठवत होतं. फुस्स... टक्. फुस्स... टक्.

मग घरात गेले.

“आयकलंस?”

“नाय,” आंतू म्हणाला. “फिरव तू, मी गप बसलंय.”

“फिरवलंय.”

“कदी?”

“आता. दोनदा.”

आम्ही जागा बदलल्या. मी कॉटवर, तो खोपीत शिंद्यांबरोबर. त्यांनी चार वेळा फिरवलं, जोराने. मला विहिरीवरच्या रहाटाचासुद्धा आवाज येत होता, पण तो नाही. तेव्हाच टेप काढून मोजलं. सत्तावीस मीटर, तीन भिंती. खोपीत खरोखर फटफटी असती आणि मी खरोखर रोज फिरवली असती, तरी त्या खोलीत काही ऐकू आलं नसतं.

मी वहीचं एक पान घेऊन सगळी उत्तरं लिहून काढली. पप्पांच्या मेंदूची सवय — मग आंतू? आंतूची लहानपणची आठवण — मग चार सकाळी, दोघांना एकदम? पप्पांना आधीपासून माहीत होतं आणि मला वाचवायला ते ‘आयकलंय’ म्हणत होते... हे मला सगळ्यात जास्त खरं वाटतं आणि सगळ्यात जास्त लागतं; पण मग आंतूने काय ऐकलं, आणि त्या फेब्रुवारीच्या सकाळी नेमकं काय ऐकू आलं नाही? एकेक ओळ खोडत गेले. पानावर काही उरलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा. मांजर नव्हतं. वायरिंगही नव्हतं.

शिंदे नऊला निघणार होते. त्यांनी फटफटी पुन्हा पिकअपवर चढवली, आंतू दोर बांधायला गेला. मी पप्पांच्या खोलीत एकटी होते. वही उघडली. ‘साडेसात — फटफटी’ असं लिहिलं आणि खूण केली. ऑक्टोबरपासूनची ही पहिली खरी. खाली ‘प. ना सांगणे’ होतं, कालच्या पानावरून आलेलं.

रिकाम्या कॉटच्या कडेला बसले आणि मोठ्याने म्हटलं, “पप्पा, फटफटी मी दिलंय. तुमका इचारूक नाय. आज फिरवलंय, दोनदा.”

आणि थांबले. ते नेहमी लगेच म्हणत.

बाहेर पिकअप सुरू झाली, आंतूने हाक मारली, मी उठले. त्या ओळीवर खूण केलेली नाही. रोज संध्याकाळी ती पुढच्या पानावर उतरवून घेते.